आवाज कुणाचा?

रविवारी सकाळी साडेसातला आरे-वारेच्या रस्त्यावर, वरच्या वळणाला उभं राहा. खाली समुद्र, सुरूची झाडं, पांढरी वाळू आणि वळणावळणाने वर चढणाऱ्या बाइक्स. इथे गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. थोडी सवय झाली की न बघता ओळखतासुद्धा येते. ही डुग-डुग-डुग म्हणजे बुलेट. ही चिडलेल्या गांधीलमाशीसारखी म्हणजे ड्यूक. आणि हा जो अख्खा डोंगर खाली येतोय असं वाटायला लावणारा आवाज आहे ना, ती कुठलीही गाडी असू शकते. कारण तिचा कंपनीचा सायलेन्सर पुण्यात कुणाच्या तरी माळ्यावर पोत्यात पडलाय आणि त्याच्या जागी हातभर नळी बसलीये!

लाँग वीकेंड आला की एमएच-१२, एमएच-१४, एमएच-०९ च्या नंबरप्लेट्स गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतात. ते बघून आमच्या एमएच-०८ वाल्या पोरांचेही हात शिवशिवतात. मग कोल्हापूरला कुणी जाणार असेल त्याच्याकडे पैसे दिले जातात आणि ‘येताना तेवढा शॉर्ट बॉटल घेऊन ये’ अशी ऑर्डर जाते.

आधीच सांगून टाकते. हा ‘आजकालची तरुण पिढी’ टाइप लेख नाही. बाइकचा आवाज मलाही आवडतो. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत ‘आवाज कुणाचा?’ म्हणून घसा फोडणाऱ्यांपैकी मीही एक होते. पण स्पर्धेच्या हॉलमधून बाहेर पडलं की तो आवाज तिथेच राहतो. बाइकचा आवाज घरी येतो. आपल्याच नाही, शेजारच्यांच्याही!

विषय निघाला माझ्या मामेभावावरून. बँकेत नोकरी, पहिल्या बोनसमधून घेतलेली ३५० सीसीची गाडी आणि महिन्याभरात बसवलेला बाजारातला सायलेन्सर. आमची आळी म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढा रस्ता. आवाज बाहेर पडायला जागाच नाही. तो या गडग्यावरून त्या गडग्यावर आपटत शेवटच्या घरापर्यंत जातो. शेजारच्या आजोबांची एप्रिलमध्ये बायपास झाली. आजी कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त रात्री दहाच्या सुमारास खोलीची खिडकी लावून घ्यायला लागल्या. मे महिन्यात, रत्नागिरीत, खिडकी बंद! इथल्या उकाड्यात याचा अर्थ काय होतो ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

भावाला ते कळलं. मग पठ्ठ्याने काय करावं? कोपऱ्यावर इंजिन बंद करायचं आणि जवळपास दोनशे किलोची गाडी चढावर ढकलत घरी आणायची. रोज रात्री. आठवड्याभराने मला म्हणाला, “ताई, तू सगळ्यावर लिहितेस ना? मग सांग, आवाज आवडतो, पण एवढा नको. काय करायचं?”

प्रश्न चांगला होता. सो, थोडं वाचलं, थोडं गॅरेजमध्ये बसले, दोन-चार मिस्त्रींचं डोकं खाल्लं. त्याचा हा हिशेब.

गळ्यातला मफलर, गाडीचा मफलर

आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. रत्नागिरीत गळ्यातला मफलर वर्षातून फार तर आठ दिवस लागतो. गाडीला मात्र तो बारा महिने हवा.

इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा गरम वायू एकदम बाहेर झेपावतो. फुगा फुटल्यावर जे होतं तेच. फोर-स्ट्रोकचं एकच सिलिंडर असलेली गाडी १००० आरपीएमवर उभी असेल तर हा फुगा सेकंदाला साधारण आठ वेळा फुटतो. म्हणून तर बुलेटचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. ३००० आरपीएमला ते ठोके सेकंदाला पंचवीस होतात आणि त्यांची एकच घरघर होते.

हे फुगे शांत करायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली खोल्यांची. सायलेन्सरच्या आत पत्र्याच्या भिंती आणि छोट्या नळ्या घालून वेगवेगळ्या खोल्या केलेल्या असतात. आवाजाच्या लाटा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना आपटतात, परत फिरतात आणि एकमेकींना मारतात. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर असे असतात. म्हणून ते जड असतात, आणि म्हणूनच खालचा, घुमणारा आवाज ते छान दाबतात.

दुसरी पद्धत गादीची. मधून सरळ, भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल गच्च भरलेलं. आवाज भोकांतून त्या लोकरीत शिरतो आणि तिथेच जिरतो. बाजारातले बरेच ‘स्पोर्ट्स’ सायलेन्सर या जातीचे. हलके, दिसायला स्मार्ट. पण ही गादी वरच्या पट्टीतला चिरका आवाज जेवढा खाते तेवढा खालचा धडधडाट खात नाही. आणि भिंत, खिडकी, गोधडी यांतून आरपार जातो तो नेमका हा खालचाच आवाज!

गंमत म्हणजे ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्‌ज बंधूंना इंजिनाच्या मफलरचं पेटंट १८९७ मध्ये मिळालं. बंदुकीचा सायलेन्सर बनवणारा हायरम पर्सी मॅक्सिम त्यानंतरचा, १९०९ च्या आसपासचा. तोही पुढे इंजिनांच्या मफलरकडे वळला. म्हणजे गाडी आधी गप्प झाली, बंदूक नंतर.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण हवं असेल तर २००० च्या दशकातली एखादी पल्सर किंवा डिस्कव्हर बघा. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपला एक छोटा डबा जोडलेला दिसेल. बजाजने त्याला ‘एक्झॉस्टेक’ नाव दिलं होतं. तो डबा शोभेचा नव्हे. पाइपातल्या दाबाच्या लाटांचं गणित जमवून कमी आरपीएमला टॉर्क वाढवायचा, हे त्याचं काम. याचा अर्थ सायलेन्सर हा इंजिनाच्या शेपटीला बांधलेला पत्र्याचा डबा नाही, तो इंजिनाच्या हिशेबातला भाग आहे. टू-स्ट्रोकला तर हे शंभर टक्के लागू. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स १०० अजून जिवापाड जपणारे काका रत्नागिरीत भेटतात. त्यांना विचारा, एक्स्पान्शन चेंबरचा आकार जरा बिघडला की गाडीचा दम कसा जातो ते.

म्हणून ‘सायलेन्सर मोकळा केला की पॉवर वाढते’ हे वाक्य जपून घ्या. हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवलं नाही तर नुसता मोकळा पाइप बऱ्याचदा खालच्या आरपीएमचा जोर घालवतो. गाडी जोरात आहे असं वाटतं, कारण ती जोरात ओरडते!

तुम्ही तुमची बाइक ऐकलीच नाहीये

गॅरेजमधले काका, चाळीस वर्षं पाने-स्क्रूड्रायव्हर हातात असलेले, मला एका वाक्यात सगळं शिकवून गेले. “अगो, आवाज जातो मागे. वर बसलेल्याला काय कळणार?”

खरंच की! सायलेन्सरचं तोंड मागे. तुम्ही पुढे, हेल्मेटमध्ये. वेग जरा वाढला की कानात वाऱ्याचाच घोंगावा. तुम्हाला ऐकू येतो तो इंजिनाचा, एअर फिल्टरचा आणि थोडासा सायलेन्सरचा मिळून एक मस्त आवाज. मागच्या रिक्षात बसलेल्या बाईंना, फुटपाथवरच्या शाळकरी पोराला आणि खिडकीतल्या आजींना ऐकू येतो तो निव्वळ सायलेन्सर. एकच गाडी, दोन वेगळी गाणी. तुम्ही ज्या गाण्यावर फिदा आहात ते रस्त्याने कधी ऐकलेलंच नाही. आणि रस्ता जे ऐकतोय ते तुम्ही ऐकलेलं नाही.

आता थोडे आकडे. घाबरू नका, थोडेच आहेत. नव्या दुचाकीने किती आवाज करावा याची मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत दिलीये आणि ती १ एप्रिल २००५ पासून लागू आहे. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसी ७७ आणि १७५ च्या वर ८०. कंपनीची गाडी ही परीक्षा पास झाल्याशिवाय विक्रीला येत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर जी ‘एआरएआय’ आहे, ती अशा परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एक. गाडी ठरलेल्या वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर पूर्ण थ्रॉटल देते आणि साडेसात मीटरवर ठेवलेला माइक आवाज टिपतो.

डेसिबलचा हिशेब आपल्या पगारासारखा सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट. १० वाढले की ऊर्जा दसपट, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ८० ची गाडी ९० वर गेली तर ‘दहाच तर वाढले’ असं म्हणायची सोय नाही.

आणि समोर काय आहे बघा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग असं क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रत्नागिरीसारख्या गावात रुग्णालय, शाळा, कॉलेज, कोर्ट हे सगळं इतकं खेटून आहे की मारुती मंदिर ते जयस्तंभ एक फेरी मारली तरी यातल्या कुणाच्या ना कुणाच्या खिडकीखालून तुम्ही जाताच.

“पण ताई, गणपतीत डीजे चालतो, माझी एक बाइक चालत नाही?” भावाचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर सोपं आहे. डीजे वर्षातले काही दिवस. तुझी बाइक रोज, आणि तीही लोक झोपल्यावर.

दुसरा युक्तिवाद, ‘मोठा आवाज म्हणजे सेफ्टी’. आवाज मागे जातो आणि धोका बहुतेक वेळा पुढून, बाजूने येतो. त्यासाठी हॉर्न आहे, आणि एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू असतो. तेवढं पुरे.

घ्यायचाच असेल तर...

आधी कायद्याचं बोलू, म्हणजे नंतर कुणी ‘आधी सांगितलं नाहीस’ म्हणायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. बेकायदा बदल केल्याबद्दल वेगळ्या कलमाखाली प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैदही. जागेवरची पावती राज्याने ठरवलेल्या रकमेची फाटते, पण सायलेन्सर जप्त झाला तर तो परत येईलच असं नाही. पुणे-नागपूरच्या पोलिसांनी जप्त सायलेन्सर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवलाय. फोटो तुम्हीही पाहिले असतील.

म्हणून रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी सगळ्यात शहाणी निवड म्हणजे कंपनीचाच सायलेन्सर. जुना सडलाय? नवा ओरिजिनल घ्या. कंपनीच्या ॲक्सेसरीजच्या यादीतला घेताय? तो तुमच्या मॉडेलसाठी भारतात मान्यता मिळालेला आहे का, हे शोरूममधून लेखी घ्या. बाकी ट्रॅकसाठी, प्रदर्शनासाठी किंवा परदेशात जिथे परवानगी आहे तिथे वापरायला घेणार असाल तर दुकानात शिरल्यावर या गोष्टी बघा.

स्लिप-ऑन की फुल सिस्टिम? स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा. फुल सिस्टिम म्हणजे इंजिनापासून सगळा पाइप. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. फुल सिस्टिममध्ये हा कन्व्हर्टरच उडतो. मग धूर वाढतो, पीयूसीची बोंब होते आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा कायमचा पाहुणा होतो. काही मॉडेल्सचा कन्व्हर्टर मागच्या डब्यातच असतो, तिथे स्लिप-ऑननेही तेच होईल. आधी विचारा.

डीबी किलर आहे का? डब्याच्या तोंडात बसणारी छोटी नळी, एका बोल्टवर. आवाज कमी करते. ती नसलेला सायलेन्सर दुकानदार फुकट दिला तरी घेऊ नका. “वो निकाल के चलाओ, मजा आएगा” म्हणणारा दुकानदार तुमच्या आळीत राहत नाही.

ई-मार्क. युरोपात मान्य झालेल्या सायलेन्सरवर गोलात ‘ई’ आणि पुढे आकडा कोरलेला असतो. १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली, ९ म्हणजे स्पेन. ही मान्यता एका विशिष्ट मॉडेलपुरती, डीबी किलर बसवलेल्या स्थितीतली असते. भारतात या खुणेने गाडी कायदेशीर होत नाही, पण निदान कुणीतरी आवाज मोजलाय एवढं कळतं. आणि हो, नुसता स्टिकर म्हणजे ई-मार्क नव्हे. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या ‘इम्पोर्टेड’ डब्यावरचं नाव उन्हाळ्यात चिकटवलेलं असतं आणि पावसाळ्यात निघतं.

धातू. हा मुद्दा खास कोकणवाल्यांसाठी. इथलं खारं वारं आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस साध्या लोखंडी पत्र्यावरचं क्रोम दोन मोसमांत फोडतो. त्यातून मिऱ्या, मांडवी, भाट्ये अशा किनाऱ्यालगत राहत असाल तर बघायलाच नको. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील इथे टिकतं. दुकानात खिशातून लोहचुंबक काढा. साधा पत्रा तो पटकन पकडतो, ३०४ जवळजवळ पकडत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबकही चालेल, फक्त दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नका.

खालचं भोक. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खरंच! गाडी लांब पळाली की ते उडून जातं. पण घर ते ऑफिस तीन किलोमीटर, पाइप पुरता तापायच्या आत गाडी स्टँडला. मग ते पाणी आतच साठतं आणि सायलेन्सर आतून बाहेर सडत येतो. म्हणून चांगल्या सायलेन्सरला खाली पाणी निथळायला छोटं भोक असतं. ते नसलेला घेऊ नका, आणि असलेलं ‘लीक आहे’ म्हणून वेल्डिंगने बुजवू नका.

मागे बसणारी व्यक्ती. आई, बायको, मैत्रीण, बाबा. पाय कुठे येतो, साडी-ओढणी-रेनकोट डब्याला लागतो का, वर हीट शील्ड आहे का? सायलेन्सर निवडताना हा मुद्दा हमखास विसरला जातो. पोटरीवरचा डाग मात्र वर्षानुवर्षं आठवण देतो.

बसवून झालाय. आता?

ज्यांच्याकडे ‘चूक’ आधीच बसलेली आहे त्यांच्यासाठी. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

पहिलं, गळती शोधा. फाट-फाट आवाज पुष्कळदा सायलेन्सरचा नसतोच, तो जॉइंटचा असतो. इंजिनाजवळची गॅस्केट आणि डब्याजवळचा क्लॅम्प, या दोन जागा. गाडी थंड असताना जॉइंटला साबणाचं पाणी लावा आणि चालू करा. बुडबुडे आले तर गळती. गॅस्केट स्वस्तात मिळते आणि पाइप खोलला की ती नवीनच घालायची असते. जुनीच पुन्हा दाबून बसवणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात त्यामागेही बऱ्याचदा हीच गळती असते. बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बघायला लागतो, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मॅपिंग. आणि इंदौरी-पंजाब सायलेन्सर लावून चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू करत मुद्दाम फटाके वाजवणाऱ्या वीरांसाठी एक माहिती: तेच पेट्रोल बीएस-६ गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि त्या उष्णतेने तो आतून वितळू शकतो. त्याचं बिल बघितलं की वाजतो तो खरा फटाका!

दुसरं, डीबी किलर परत बसवा. बऱ्याच जणांच्या तो घरीच, ड्रॉवरमध्ये असतो. बोल्ट नीट आवळा, नाहीतर हातखंब्याच्या वळणावर तो मागच्या गाडीच्या काचेवर जाईल.

तिसरं, गादी बदला. ग्लासवूल वापराने जळतं, उडतं, पावसात भिजून गोळा होतं. पूर्वीपेक्षा आवाज चिरका, पोकळ झाला असेल तर समजा आत फक्त नळी उरलीये. डब्याचे रिव्हेट काढून नवं वूल भरता येतं. ते सायलेन्सरसाठीचंच, उष्णता सोसणारं घ्या. फार सैल भरलं तर उडून जातं, फार कोंबलं तर आवाज जिरायला हवेची जागाच उरत नाही. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट मस्ट. त्या काचेच्या तुसांनी दोन दिवस अंग खाजतं.

आता काय करू नका ते. भांडी घासायची तारेची घासणी तोंडात कोंबणं हा उपाय मी स्वतः दोन गाड्यांवर पाहिलाय. ती कधीतरी तापून उडते, किंवा आत जाऊन अडकते. बाहेरचं तोंड वेल्डिंगने बारीक करणं हाही तसलाच प्रकार. इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ते तापतं, आणि तुम्ही घाटात उभे राहता.

आणि फुकटातला उपाय म्हणजे उजवा हात. आळीत शिरताना एक गिअर वरचा, थ्रॉटल अगदी हलका. सकाळी चालू करून जागेवर व्रूम-व्रूम करू नका. इंजेक्शनच्या गाडीला त्याची काही गरज नसते, अर्ध्या मिनिटाने शांतपणे निघालात की पुढे ती आपोआप तापते. फक्त एक करू नका. उतारावर इंजिन बंद करून किल्लीशी खेळत गाडी सोडणं. हँडल लॉक झालं तर आवाजाचा प्रश्न तिथेच संपेल, पण तुमच्यासकट.

माझ्या भावाने हे सगळं क्रमाने केलं. गॅस्केट बदलली, फटाके थांबले. डीबी किलर बसवला, फरक पडला. पण रात्रीच्या आळीत तो खालचा धडधडाट होताच. खालचा आवाज गादीला जुमानत नाही, हे वर लिहिलंच आहे. शेवटी एका रविवारी काकांच्या गॅरेजमध्ये दोघांनी मिळून माळ्यावरचा कंपनीचा सायलेन्सर काढला, पुसला आणि बसवला. पाऊण तासाचं काम. दोन दिवस ‘गाडीत जीवच नाही राहिला’ म्हणून कुरकुर झाली. तिसऱ्या दिवसापासून तो रात्री गाडी ढकलत नाही, चालवत घरी येतो. आजींची खिडकी उघडी असते. त्याबद्दल दोघांपैकी कुणीच एकमेकांशी काही बोललेलं नाही.

या वीकेंडला करून बघा

एक छोटी टेस्ट. मोकळा रस्ता बघा, दिवसाउजेडी. तुमची गाडी मित्राला द्या आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला, साधारण आठ पावलांवर उभे राहा. त्याला सांगा, दुसऱ्या गिअरमध्ये ये आणि माझ्यासमोर थ्रॉटल पिळ. डोळे बंद ठेवा.

फोनवर डेसिबल मोजायचं ॲप असेल तर लावा. त्याचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण एकच फोन, एकच जागा आणि तीच गाडी असेल तर आधीचा आणि नंतरचा फरक नीट कळतो. उभ्या गाडीवर मोजायचं असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीवर फोन धरा आणि प्रत्येक वेळी आरपीएम तेवढाच ठेवा.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही गाडी माझी नसती आणि रात्री साडेअकराला माझ्या खिडकीखालून गेली असती, तर मी काय म्हटलं असतं?

जे उत्तर येईल ते छापण्यासारखं असेल, तर तुमचा सायलेन्सर उत्तम आहे. खुशाल चालवा!